पूजेतली सायकल

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशा थोर बहुसंख्येसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गडहिंग्लजच्या बाजारपेठेत चष्म्याचे दुकान चालवणारा एक इसम, वय पन्नाशीच्या थोडे पुढे, पोट त्याच्याही थोडे पुढे, मार्गशीर्षातल्या एका पहाटे स्वतःच्या सायकलीसह गोव्याला निघाला. उद्देश: दुसऱ्यांच्या सायकलींचे फोटो काढणे. समुद्रस्नान, मद्यपान आणि देवदर्शन यांपैकी काहीही उद्देशात नव्हते. घरात हे कोणालाही खरे वाटले नाही.

"गोव्याला जाऊन सायकली बघणार?" बायको म्हणाली. "आपल्या गल्लीत काय कमी आहेत?"

कमी आहेत, हीच तर अडचण होती. गल्लीतल्या सायकलींचे फोटो मी केव्हाच काढून संपवले. मला दुकानातली चकाकणारी सायकल नको असते. दुकानात मी आयुष्यभर बसलोय. मला वापरातली सायकल हवी असते, मालकाने जिथे टेकवली असेल तिथे, जशी असेल तशी. गोठ्याच्या खांबाला, आंब्याच्या बुंध्याला, देवळाच्या गडग्याला (दगडी कुंपणाला). घंटी नसली तरी चालते. सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असली तर फारच छान, कारण त्या पिशवीवरून मालकाचा स्वभाव कळतो. बाकी सायकलीचं सुख मी तुम्हाला काय समजावून सांगणार? चढावर शिव्या द्याव्यात आणि उतारावर सगळ्या मागे घ्याव्यात, असं दुसरं वाहन मला तरी माहीत नाही.

आमच्याकडून गोव्याला रोज भाजीचे टेम्पो जातात. मारुती नावाच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याने मला आणि सायकलीला न्यायचं कबूल केलं.

"सायकल कोबीवर ठेवू का फ्लॉवरवर?" मी विचारलं.

"कोबीवर. फ्लॉवर नाजूक असतोय," मारुती म्हणाला. "आणि तुम्ही पुढं बसा. तुम्हाला कशावरच ठेवता येत नाही."

आजरा मागे पडलं, आंबोलीच्या घाटात धुक्याने समोरची काच पुसायला घेतली आणि सावंतवाडी ओलांडेपर्यंत उजाडलं. बांद्याच्या पुढे गोव्याची हद्द लागली. धारगळला मारुतीने टेम्पो कडेला घेतला, कोबीवरून सायकल उतरवली, तिच्या चाकात अडकलेली दोन पानं काढून परत पोत्यात घातली आणि तो म्हापशाच्या बाजाराकडे निघून गेला.

धारगळ पेडणे तालुक्यात, राष्ट्रीय महामार्गावर आहे. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळ्यांचे घड आणि काचेच्या बरण्यांत लोणची मांडून माणसं बसलेली असतात, आणि त्यांच्यासमोरून ट्रक असे जातात की बरण्यांची झाकणं थरथरतात. या रस्त्यावर सायकल चालवण्यात शौर्य असेल, शहाणपण नव्हतं. मी आतल्या वाटेला लागलो. फर्लांगभर गेलो असेन नसेन, ट्रकांचा आवाज मागे राहिला आणि दोन्ही बाजूंना शेतं आली. भात कापून झालं होतं. त्याच ओलीवर अळसांदे (चवळीची स्थानिक जात) आणि मिरची लावली होती.

तिथेच मला पहिली सायकल भेटली, आणि ती थांबायला तयार नव्हती. पोदेर (पाववाला) होता. मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, हातात रबरी भोंगा. मी त्याच्या बरोबरीने सायकल घेतली आणि फोटोसाठी जरा थांबता का, असं विचारलं.

"फोटो काढा, पण थांबाक सांगू नका," तो पुढे बघत म्हणाला. "उंडे थंड झाले तर लोक माका खातले."

उंडे म्हणजे कडक सालीचे गोल पाव. पोदेराची अडचण रास्त होती. मग मी एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला, आणि एका डोळ्याने जग बघणाऱ्या माणसाचं जे व्हायचं ते झालं. वाट वळली, मी वळलो नाही. अळसांद्यांच्या वाफ्यात मी सायकलीसकट पसरलो. पोदेराने भोंगा वाजवला. सहानुभूतीने वाजवला की पुढचं घर आलं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

वाफ्याच्या पलीकडून पाणी लावणारी एक बाई कमरेवर हात ठेवून आली. तिने आधी वेलांकडे पाहिलं, वाकून दोन-तीन सरळ केले, मग माझ्याकडे पाहिलं.

"लागला खंय?"

"नाही, बाई."

"मगे उठा तरी. खाली अळसांदे आसत."

मी उठलो. तिने मला पाटाच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि आपल्या डब्यातली पेज पुढे केली, वर तोंडी लावायला कैरीचं मिठातलं लोणचं. मी पेज पीत असताना ती माझं पडणं शेजारच्या शेतातल्या बाईला ओरडून सांगत होती. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी दोनदा लोळलो होतो. मी तक्रार केली नाही. गोष्ट सांगण्याची रीत मला कळते.

दुपारी पेडणे गाव ओलांडून हरमलला पोचलो. समुद्राकडे जाणाऱ्या गल्ल्यांत स्कूटरची गर्दी होती. भाड्याच्या, गावकऱ्यांच्या, कोणाच्याही नसाव्यात अशा दिसणाऱ्या. सायकल मात्र दिसेना. शेवटी ज्या घरी मला खोली मिळाली तिथे मागच्या पडवीत एक सापडली. उंच, परदेशी, हिरवी, भिंतीला टेकून. तिच्या हँडलवर पाहुण्यांचे ओले तवाले (टॉवेल) वाळत घातले होते. घरमालकीण, शेवंतीबाई, बांगडे साफ करत बसली होती.

"ही कोणाची?"

"एका गोऱ्याची. पुढच्या वर्सा येतंय म्हणान सांगान गेलो."

"कधी गेला?"

तिने सुरीनेच अंगणाकडे दाखवलं. तिथे तिची मुलगी कॉलेजची बॅग पायाशी ठेवून मोबाईल बघत होती. "ह्या चेडू तेव्हा पाळण्यात होता."

"मग तुम्ही वापरत का नाही? हिला तरी द्या कॉलेजला जायला."

शेवंतीबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीचा सल्ला दिला होता. "दुसऱ्याची वस्तू," ती म्हणाली. "येतलो म्हणालो मा तो?"

तवाले तिने स्वतः बाजूला केले. मी फोटो काढला, तिने तवाले परत घातले. चाकांत हवा होती. साखळीला ताजं तेल होतं. ते कोण घालतं, हे मी विचारलं नाही. रात्रीच्या जेवणात बांगड्याचं हुमण (माशाची आमटी) आणि उकड्या तांदळाचा भात होता, आणि मी बोलायचं सोडून जेवलो. माझ्या बाबतीत ही दुर्मिळ घटना आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. डिचोली तालुका गाठायचा होता. पुन्हा धारगळ, मग कोलवाळला शापोरा नदीवरचा पूल, थिवी, अस्नोडा. अस्नोड्याच्या पुढे जमिनीचा रंग बदलतो. माती लाल असतेच, पण इथे ती पानांवर, पत्र्यांवर, विजेच्या तारांवरही बसलेली दिसते. एका बाजूला पोफळी आणि माड, कापणी झालेली भातखाचरं. दुसऱ्या बाजूला खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे डोंगर, ज्यांवर आता रानझुडपं उगवलीत. मुळगावची वेस लागली आणि माझं मागचं चाक बसलं. पंक्चर.

पंक्चरचं सामान माझ्याजवळ असतं. नव्हतं ते पाणी. ट्यूब बुडवून भोक शोधायला बालदीभर तरी लागतं. रस्त्यापासून थोडं आत, चिऱ्याच्या गडग्यापलीकडे एक कौलारू घर होतं. सायकल ढकलत मी अंगणात शिरलो आणि जागीच थांबलो.

सोप्यावर (ओटीवर) एक काळी, जुनी, दणकट सायकल स्टँडवर उभी होती. हँडलवर झेंडूची माळ, पण पार वाळून तपकिरी झालेली. सीटवर हळद-कुंकू. दोन्ही चाकांतली हवा केव्हाच गेलेली, रिमा टेकायच्या बेतात आलेल्या. आणि पुढच्या चाकापाशी, भर सकाळी, निरांजन तेवत होतं.

मी टोपी काढली. चष्म्याच्या दुकानात बसून मला दुःखद प्रसंगी कसा चेहरा करावा हे चांगलं जमतं. नंबर वाढलेल्यांसमोर रोज करावा लागतो. तो चेहरा केला. आतून तिशी-पस्तिशीची एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. मी हलक्या आवाजात विचारलं, "कधी गेले?"

"कोण?"

"सायकलवाले."

"मी हयसरच असंय," खांबाआडून आवाज आला.

खांबामागे कदेलीवर (खुर्चीवर) एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी बंडी, गुडघ्यापर्यंत पंचा, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी. ते माझ्याकडे बघायला वळले ते नुसत्या डोळ्यांनी नाही, सगळी मान फिरवून. माझ्या धंद्यात हे वळणं लगेच लक्षात येतं. त्यांना डाव्या बाजूचं दिसत नव्हतं.

बाई तोंडावर पदर धरून हसत होती. तिचं नाव सुचिता, आणि ते तिचे सासरे लाडोबा. मी माफी मागितली, गाव-धंदा सांगितला, बालदी मागितली. बालदी आली आणि लाडोबा उठून माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी काही बोलायच्या आत ट्यूब त्यांच्या हातात होती. पाण्यात बुडवून, बोटांनी दाबत, हळूहळू फिरवत त्यांनी बुडबुडे शोधले. चेहऱ्यावर असा आनंद, की भोक लवकर सापडलं याचंच त्यांना वाईट वाटलं असावं.

"हय असा. काटो न्हय, तार."

पंक्चर काढता काढता मी त्या सोप्यावरच्या सायकलीचा फोटो काढू का, असं विचारलं.

"काढा," सुचिता म्हणाली. "पण हात लावू नका. पूजेत असा."

"आज कसली पूजा?"

"आजची न्हय. दसऱ्याची."

दसरा होऊन दिवाळी गेली होती, तुळशीचं लग्न लागलं होतं, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या होत्या. मी लाडोबांकडे पाहिलं. ते माझ्या चाकाचा टायर रिमेत बसवण्यात गढून गेले होते. फार गढून गेले होते.

गोष्ट मला सुचिताने सांगितली, सासऱ्यांच्या देखत, आणि ते मधेमधे दुरुस्त्या करत होते. लाडोबा मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी खाणीवर कामाला आले आणि मुळगावात राहिले. ही सायकल डिचोलीच्या बाजारातून घेतली आणि तिच्यावरून लाल धुळीत खाणीवर जाणं-येणं केलं. बायकोला माहेरून हिच्याच कॅरिअरवर बसवून आणलं. मुलाला, प्रकाशला, पुढच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं. मग खाण बंद झाली. सायकल बंद झाली नाही. पाव आणायला, देवळात, बाजारात, कधी नुसतंच वळणापर्यंत. मग डावा डोळा गेला. आणि चतुर्थीच्या आधी, वळणावर डाव्या बाजूने येणारा टिपर (मातीचा ट्रक) त्यांना दिसला नाही. टिपरवाल्याने ब्रेक मारला म्हणून नुसतं खांद्याचं हाड मोडलं.

"मोडला नाय. चिरलला," लाडोबा म्हणाले.

प्रकाशने ठरवलं, सायकल घरात ठेवायची नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला न्यायला येणार होता. लाडोबांनी वाद घातला नाही. फक्त खंडेनवमीला, घरातली कोयती, कुदळ, पारय (पहार) यांच्याबरोबर त्यांनी सायकलही पूजेला मांडली. दरवर्षी मांडायचेच. दसऱ्याला घरातल्या वडीलमाणसाने अक्षता टाकून पूजा हालवायची, म्हणजे हत्यारं परत वापरायला मोकळी होतात, अशी रीत. लाडोबांनी कोयतीवर अक्षता टाकल्या. कुदळीवर टाकल्या. पारयीवर टाकल्या. आणि पाट उचलून आत गेले.

"आणि सायकल?" मी विचारलं.

"सायकलीची पूजा हालवूक नाय मी," लाडोबा म्हणाले. "माझी मर्जी. घरात वडील मी."

भंगारवाला आला, माळ बघून हात जोडून निघून गेला. प्रकाशने भटजींना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ज्याने मांडली त्यानेच हालवायची. तेव्हापासून सायकल सोप्यावर पूजेत होती. तिला कोणी हात लावू शकत नव्हतं. आणि पूजा उघडी ठेवायची तर दिवा हवा, म्हणून सुचिता सकाळ-संध्याकाळ दिवा लावत होती.

मी मोठ्याने हसलो. असा डाव मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की लाडोबा हसत नाहीयेत. पूजेतल्या सायकलीला कोणीच हात लावू शकत नव्हतं, आणि त्या ‘कोणीच’मध्ये तेही आले. दोन महिने ते तिच्याशेजारी कदेल टाकून बसत होते. पुसता येत नव्हती. पायडल फिरवता येत नव्हतं. चाकं बसायला लागली तेव्हा हवा भरू का, यावर घरात मोठी चर्चा झाली होती.

"हवा भरली तर ती वर उचलतली," लाडोबा गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे हालली. मगे पूजा हालली नाय?"

जेवायला थांबलो. सोमवार, म्हणून नुस्तें (मासे) नव्हतं. खतखतें (कंद आणि भाज्यांची घट्ट आमटी) होतं, तिरफळाच्या वासाचं. जेवण होत आलं तेव्हा प्रकाश कारखान्यातली पाळी संपवून आला. अबोल माणूस. माझ्या येण्याचं कारण ऐकून त्याने सोप्याकडे एकदा पाहिलं. हात धुवायला मी विहिरीवर गेलो तेव्हा तो मागोमाग आला.

"तुमका हसाक येता," तो म्हणाला. "येवचाच. सगळो गाव हसता. पण त्या दिवशी मी त्या वळणाकडेच होतंय. टिपराचा चाक आणि त्यांचा डोका..." त्याने दोन हातांत वीतभर अंतर दाखवलं. "माका बापूस होयो, सायकल नको."

मी त्याच्या हातावर पाणी ओतलं.

तो कपडे बदलायला आत गेला, सुचिता मागच्या दारी भांडी घासत होती. मी सोप्यावर येऊन फोटो काढले. ऊन कौलांच्या फटीतून हँडलवर येत होतं, वाळलेल्या माळेच्या पाकळ्या कागदासारख्या दिसत होत्या. मागे वळलो तर लाडोबा अंगणात, माझ्या सायकलीपाशी उभे. सीटवर हात.

"ही पूजेत नाय मा?"

"नाही," मी म्हणालो.

"मगे हिका हात लावलो तर चालता."

आता शहाणा माणूस इथे काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. त्यांचा डोळा कसा आहे तेही मला माहीत होतं, घरातल्या इतरांपेक्षा थोडं जास्तच. पण त्यांनी पंचा वर खोचला होता. त्यांनी सीट खाली करायलाही सांगितलं नाही. मी कॅरिअर धरलं, लहान मुलाला शिकवताना धरतात तसं, आणि आम्ही अंगणातून पोफळीच्या बागेकडे जाणाऱ्या पाणंदीवर आलो. तिथे गाड्या येत नाहीत, एवढाच शहाणपणा मी केला.

पहिल्या चार पावलांत चाक डगमगलं. मग पाठ सरळ झाली. मी पळत होतो आणि माझं पोटही पळत होतं.

"सोडा," ते म्हणाले.

मी सोडलं नाही.

"सोडा हो पावण्यांनू."

सोडलं. ते गेले. पंचा वाऱ्यावर उडत होता, दोन्ही टाचा बाहेर, आणि ते घंटी वाजवत होते. समोर कोणी नव्हतं. नुसतीच वाजवत होते, पुन्हा पुन्हा. मी कॅमेरा उचलायचं विसरलो. सायकलीवरची इतकी माणसं पाहिली, पण कोणाकडे बघून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पाणंद डावीकडे वळते तिथे बागेच्या फाटकाचा चिऱ्याचा खांब आहे. लाडोबा वळले, आणि थेट खांबाकडे गेले. घाई नाही, गडबड नाही, वाट मोकळी आहे अशा खात्रीने. हँडलचं टोक चिऱ्याला घासलं, तेव्हा त्यांनी ब्रेक लावला आणि पाय टेकला. मी पोचलो तेव्हा ते उतरले होते. डावा हात लांब करून तो खांब चाचपत होते. वरपासून खालपर्यंत.

"हयसर खांब होतो," ते म्हणाले. "मीच बांधललो."

परत येताना ते सायकल हाताने ढकलत चालले. मी धरतो म्हणालो, ते नको म्हणाले. फाटकात सुचिता उभी होती, राखेने भरलेले हात तसेच.

"तुमका कायतरी कळता काय?" ती मला म्हणाली. "पावणे म्हणान गप ऱ्हवलंय. चष्मे इकतास आणि म्हाताऱ्याक सायकल देतास?"

मी मान खाली घातली. नाटकातली नव्हे, खरीच. तिच्या मागे प्रकाश उभा होता. तो वडिलांच्या हातापायांकडे बघत राहिला.

लाडोबांनी माझी सायकल आंब्याला टेकवली. विहिरीवर जाऊन पाय धुतले. देवघरातून अक्षता आणल्या आणि सोप्यावर त्या काळ्या सायकलीसमोर उभे राहिले. आम्ही तिघंही आपोआप अंगणात एका रांगेत आलो.

"बाये," ते सायकलीला म्हणाले, "तू खूप चललंस. माझ्याकडसून आता होणा नाय." थोडं थांबून: "माझा काय चुकला असात तर पोटात घाल."

अक्षता टाकल्या. माळ काढली. हँडलला हात लावून सायकल तसूभर पुढे सरकवली, पूजा हालली. मग प्रकाशकडे न बघता म्हणाले, "ने."

दोन महिने प्रकाशला हेच हवं होतं. तो जागचा हलला नाही.

"नुसती नेऊन कसा होतला?" सुचिता म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखा करायचा प्रयत्न होता. "पूजा हालवली काय हत्यार एकदा चालवूक होया. कोयतीन पयली फांटी तोडतंव, कुदळीन माती उकरतंव. तशी सोडली तर पूजा पुरी होणा नाय."

हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. सायकल कोणीतरी चालवायला हवी होती. ज्याने पूजा मांडली, त्याने. तो तर आत्ताच होणार नाही म्हणाला होता.

"पंप असा मा तुमच्याकडे?" प्रकाशने मला विचारलं.

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि हवा भरायला घेतली. बसून राहिलेल्या ट्यूबांनी हवा धरली याचं मला अजून नवल वाटतं. सायकल खरोखरच वर उचलली गेली; लाडोबांनी सुचिताकडे बघून, ‘मी सांगत नव्हतंय?’ अशी मान हलवली. प्रकाशने ती अंगणात उतरवली, टांग टाकली, पाय टेकून उभा राहिला आणि मागे न बघता म्हणाला, "बाबा, बसा."

"मी?"

"पूजा तुमची. मी निस्तो पाय मारतंय."

लाडोबा कॅरिअरवर बसले. दोन्ही पाय एका बाजूला, मुलाच्या शर्टाची पाठ मुठीत. प्रकाशने सायकल सोडून किती वर्षं झाली होती कोण जाणे. पहिला वेढा तुळशीभोवती घेतला तोच मुळात वाकडा. सुचिता बाजूला झाली, कोंबड्या बाजूला झाल्या, मी कॅमेरा उचलला. सायकल एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, आणि पाणंदीच्या तोंडाशी तर ती आता जातेच असं वाटलं. त्या क्षणी मी बटण दाबलं.

संध्याकाळी म्हापशाला मारुतीचा टेम्पो गाठला. कोबी विकून झाला होता; रिकाम्या पोत्यांवर सायकल आडवी पडली आणि तिच्याशेजारी मीही. घाट चढताना वाटलं, मी इतकी वर्षं टेकवलेल्या, उभ्या सायकलींचे फोटो काढत आलो, कारण त्या हलत नाहीत आणि हव्या तितक्या वेळ बघता येतात. मालक नेहमी चौकटीच्या बाहेर ठेवला. सायकल त्याच्याशिवाय चांगली दिसते, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही, आणि घरातल्या भिंतीवरचे बरेचसे फोटो मला जरा रिकामे दिसू लागलेत.

मुळगावला मी एक प्रत पाठवली. पोचल्याचा फोन सुचिताचा आला. फोटो सोप्यावर लावलाय म्हणाली. मी भीतभीत सायकलीचं विचारलं.

"भंगारवालो इल्लो," ती म्हणाली. "त्याका बिघडललो मिक्सर दिलो."

आता रविवारी सकाळी दोघं पाव आणायला जातात, प्रकाश पुढे, लाडोबा मागे. चढावर उतरून चालतात. रस्ता कसा आहे ते पुढचा सांगत नाही, मागचा सांगतो.

तो फोटो माझ्या दुकानात, नंबर तपासायच्या तक्त्याशेजारी लावला आहे. थोडा हललेला आहे. प्रकाशचे दात आवळलेले, सुचिताचे हात हवेत, आणि लाडोबांचं तोंड सताड उघडं. गिऱ्हाईक विचारतात, म्हातारबाबा घाबरलेत का? मी सांगतो, घाबरले नव्हते, बोलत होते. सायकल कलली होती, मुलाचा शर्ट मुठीत होता, आणि ते ओरडून सांगत होते:

"मी पडलंय तर पडांदे रे, सायकल सांभाळ."